पाखरू सोलण्याआधी

मेलेलं पाखरू लवकर थंड होत नाही. बदकाचं अंग जिवंतपणी 41 ते 42 अंश सेल्सिअसला तापलेलं असतं. माणसाचं अंग एवढं तापलं तर घरचे दवाखान्याकडे पळतील. त्या अंगावर पाणी न शिरणाऱ्या पिसांचा दाट थर, पिसांखाली मऊ लव आणि लवेखाली चरबी. प्राण जातो, पण आतली ऊब आतच कोंडून राहते, आणि आतड्यातले जंतू तर मेलेले नसतातच. नागपूरजवळच्या कन्हानला जानेवारीच्या दुपारीसुद्धा पारा अठ्ठावीसच्या आसपास असतो; एप्रिल-मे महिन्यांचं बोलायलाच नको. पक्षी साफ करण्याच्या आपल्या मुलखातल्या रीती, मग त्या छावणीतल्या इंग्रज साहेबाच्या असोत, पारध्याच्या असोत की कन्हान-पिपरीतल्या एखाद्या मावशीच्या, याच एका अडचणीशी झगडत घडल्या आहेत. पुढच्या पानांत चाकू, पाणी, विस्तव यांबद्दल बरंच काही येईल. त्या सगळ्याचा हिशेब शेवटी वेळेचा आहे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. रानातलं बदक, तितर, लावा, पाणकोंबडी, यातलं काहीही मारता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला छोट्या शिकारीचा परवाना मिळण्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती खिडकीच बंद झाली. 2022 च्या दुरुस्तीत परिशिष्टांची मांडणी बदलली, बंदी तशीच राहिली. मारणं तर गुन्हा आहेच, रानपाखराचं मांस जवळ बाळगणं किंवा विकत घेणंही गुन्हाच. तेव्हा या पुस्तिकेत 'पाखरू' म्हटलं की ते पाळलेलं समजायचं: खाकी कॅम्पबेल किंवा पांढरं पेकिन बदक, मस्कोव्ही, टर्की, फार्मवरचा जपानी लावा (बाजारात ज्याला सगळे बटेर म्हणतात) आणि अर्थातच गावरान कोंबडी. ज्यांना रानातली बदकं हवी आहेत त्यांनी दुर्बीण घेऊन हिवाळ्यात रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जावं. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, अडई, हळदी-कुंकू बदक. डोळे भरून बघावीत आणि घरी येऊन कोंबडी खावी.

मग शिकाऱ्याची विद्या या पुस्तिकेत कशाला? कारण हे कसब जन्मलं शिकारीत. पाखरू 'रानातच साफ करणं' ही गरजच बंदूक आणि चूल यांच्यातल्या अंतरामुळे निर्माण झाली. पाळलेलं पाखरू चुलीपासून दहा पावलांवर कापता येतं. पाणवठ्यावर पडलेलं बदक घरी यायला मात्र अर्धा दिवस लागायचा. त्यात छर्रे लागलेले. छर्रा नुसता मांसात शिरत नाही, जाताना पिसांचे तुकडे सोबत ओढून नेतो आणि आतडं फोडतो. फुटलेल्या आतड्याचं बदक उन्हात तसंच पिशवीत ठेवलं तर संध्याकाळी ते कुत्र्याच्याही कामाचं राहत नाही. म्हणून जागच्या जागी पोट उघडून आतडी काढणं, आत सुकं गवत भरून हवा खेळती ठेवणं, पाखरं एकावर एक न रचता पायांनी सुटी सुटी टांगून आणणं, ही रीत पडली. आज शेतातून किंवा दूरच्या फार्मवरून कापलेली बदकं गाडीच्या डिकीत आणणाऱ्याला यातलं प्रत्येक कलम लागू पडतं. फक्त गवताऐवजी बर्फ.

कन्हान नदीच्या पलीकडच्या काठावर कामठी. 1821 साली इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. आज तिथे गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. पेंच आणि कोलार या नद्या याच टापूत कन्हानला येऊन मिळतात. पूर्वेकडे रामटेक आणि त्यापुढे भंडारा-गोंदियाचा भातपट्टा, मालगुजारी तलावांनी भरलेला. छावणी, पाणी आणि हिवाळ्यात उतरणारी हजारो बदकं इतकी जवळजवळ असल्यावर काय होणार हे सांगायला नको. कन्हानवरून जबलपूरला जाणारा रस्ता ज्या शिवनीतून जातो, त्या शिवनीच्या नावाचंच पुस्तक स्टर्नडेल नावाच्या साहेबाने 1877 मध्ये लिहिलं. सातपुड्यातल्या छावणी-जीवनाचं आणि शिकारीचं. त्याच सुमारास ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि मार्शल यांचे हिंदुस्थानातल्या शिकारी पक्ष्यांवरचे तीन खंड निघाले, 1879 ते 1881. हा ह्यूम तोच, ज्याने पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. शाळेच्या पुस्तकात त्याची पाखरं कधी आली नाहीत, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

या साहेबांच्या पुस्तकी शिकवणीतली एक गोष्ट इथे सपशेल निरुपयोगी ठरते. विलायतेत फेझंट किंवा रानबदक मारलं की ते पिसांसकट, आतड्यांसकट थंड खोलीत टांगून ठेवतात. तीन दिवस, पाच दिवस, काही शौकीन त्याहूनही जास्त. मांस मुरतं, मऊ होतं, त्याला एक उग्र वास येतो आणि तो त्यांना आवडतो. पण ती खोली दहा अंशांच्या खाली असते. आपल्याकडे नागपूर-कन्हानला अशी हवा फार तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मिळते आणि सकाळी नऊला संपते. टांगणीचा हा प्रयोग फ्रीजमध्ये, पक्षी आधी पूर्ण साफ करून, एक-दोन दिवस करता येतो आणि बदकाला तो मानवतोही. परसात मात्र करू नये.

आपली रीत याच्या नेमकी उलट. पारध्यांकडे बघा. फासेपारधी फास लावून तितर-लावे धरत आणि जिवंतच बाजारात आणत. बर्फ नाही, पेटी नाही, पण जिवंत पाखरू नासत नाही. गिऱ्हाइकाच्या दारात मान कापली की अर्ध्या तासात ते हंडीत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यात पारधीही भरडले गेले. कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का अजून पुसला जात नाही. त्यांचं पाखरांचं ज्ञान कुणी नीट लिहून घेतलं नाही. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' रचताना आदिवासी, पारधी, ढिवर यांच्या तोंडची नावं गोळा केली म्हणून निदान नावं तरी उरली. हात कसे चालत ते बरंचसं गेलं. आठवडी बाजारात आजही कोंबड्या पाय बांधून जिवंत विकतात, त्यामागे तीच जुनी अक्कल आहे. गिऱ्हाईक पिसं फुंकून छाती चाचपतं, ते वजनासाठी; पण ताजेपणाची शंकाच उरत नाही, हा खरा फायदा.

आता हत्यारं. विलायती दुकानात या कामासाठी घडीचे चाकू मिळतात, त्यांच्या एका टोकाला बारीक आकडा असतो. तो मागच्या द्वारातून आत घालून फिरवला की आतडं त्यात अडकून बाहेर येतं, पोट चिरावं लागत नाही. दिसायला झकास. मी वापरून पाहिला आहे. घरच्या कामाला त्याची गरज नाही. चार-पाच इंचांच्या पात्याची टोकदार सुरी, तिला धार लावायला दगड, एक दणकट कात्री, पाणी तापवायला मोठा गंज, दोन घमेली, एवढं पुरे. कात्रीला कमी लेखू नका. पंखाचं टोक, पाय, मान, लाव्याची पाठ, हे सगळं सुरीपेक्षा कात्रीने नीट होतं आणि बोटं शाबूत राहतात. कुऱ्हाडीसारखा सत्तूर ओंडक्यावर दणदण आपटणं हे चिकनच्या दुकानातलं दृश्य आहे, तिथे वेगाचे पैसे असतात. घरी सत्तूर चालवला की हाडाच्या कपच्या उडतात आणि त्या रश्श्यात येतात.

पिसं काढण्यावरून घराघरांत पंथ आहेत. आपल्याकडे दुकानात कोंबडी सोलून, म्हणजे कातड्यासकट पिसं ओढून देतात. झटपट होतं. बदकाचं असं केलं तर मात्र चरबी आणि चव दोन्ही कातड्याबरोबर उकिरड्यावर जातात. बदक खायचं असेल तर कातडं ठेवा, हे माझं आग्रहाचं सांगणं.

पाणी किती तापवायचं, यावर मात्र वाद नको. कोंबडीला साठ अंशांच्या आसपास, बदकाला साठ ते पासष्ट. बदकाची पिसं तेलकट, पाणी आत शिरत नाही म्हणून त्याला जरा जास्त ऊन पाणी, जास्त वेळ (दोन-तीन मिनिटं) आणि पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. थर्मामीटर नसेल तर सोपा हिशेब आहे: जेवढं उकळतं पाणी तेवढंच नळाचं पाणी. अठ्ठावीस अंशांचं पाणी शंभर अंशांच्या पाण्यात निम्मंनिम्म मिसळलं की चौसष्ट होतं, थोडं गंजात जिरतं. हा हिशेब मी कागदावर मांडला. कन्हानच्या एक मावशी तो बोटावर करतात. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या अंगणात बदक साफ होताना बसलो होतो. मी गंजाखाली जाळ वाढवायला गेलो तर म्हणाल्या, "घाई नको करू ना बाप्पा. पाणी खदखदलं तं कातडं शिजते, मंग पिसासंगं सालटं येते. बोट घातलं का 'हाय' म्हणून काढावं लागलं पायजे, बस." त्यांनी बदक पायांना धरून पाण्यात सोडलं, डोकं वर राहू दिलं, आणि लाकडी दांड्याने पोटाखालची पिसं उलट्या दिशेने हलवत राहिल्या, म्हणजे पाणी मुळापर्यंत जावं. मधूनच पंखाचं एक मोठं पीस ओढून पाहिलं. अडकलं. पुन्हा बुडवलं. दुसऱ्यांदा ते सहज निघालं, तसं बदक घमेल्यात आलं आणि अंगठ्याच्या पेराने छातीवरची पिसं मुठीमुठीने निघू लागली. पंख आणि शेपूट आधी, छाती नंतर. कारण मोठी पिसं गार झाली की रुसतात. राहिलेली लव त्यांनी तुराट्यांच्या जाळावर भाजली, वरून हळद चोळली, पुन्हा एकदा आचेवरून फिरवली. हळदीने वास मरतो आणि राहिलेले खुंट पिवळ्या कातड्यावर काळे उठून दिसतात, म्हणजे चिमट्याने वेचता येतात.

बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात, डुकराचे केस काढायला कापड पांघरून त्यावर कढत पाणी ओतायची रीत सांगितली आहे. गरम पाण्याची ही युक्ती आपल्या मुलखात नऊशे वर्षं तरी जुनी आहे.

खुंटांचा त्रास मुळात टाळता येतो. बदक सात-आठ आठवड्यांचं असताना कापलं तर पिसं पूर्ण असतात. मग नवी पिसं फुटायला लागतात आणि पुढचे काही आठवडे कातडंभर बारीक कोंब येतात. बारा-तेरा आठवड्यांना पुन्हा संधी मिळते. या मधल्या काळात बदक कापणाऱ्याचा दिवस चिमट्यातच जातो. मेणाचा उपाय आहे: पॅराफिन मेण वितळवून ऊन पाण्यावर तरंगवायचं, पिसं उपटलेलं बदक त्यातून बुडवून काढायचं, लगेच गार पाण्यात, आणि घट्ट झालेलं मेण सालीसारखं ओढायचं. लव आणि खुंट त्याबरोबर निघतात. पाच-सहापेक्षा जास्त बदकं असतील तरच ही खटपट परवडते.

पोट उघडण्याचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत लांब आहे आणि ते तसंच असायला हवं, कारण मांस इथेच बिघडतं. कापण्याआधी आठ-दहा तास दाणा बंद, पाणी चालू. आतडी रिकामी असली की निम्मा धोका टळतो. मानेशी श्वासनळी आणि अन्ननळी बोटाने सैल करून घ्यायची. कोंबडीला गळ्याशी दाण्याची पिशवी असते, ती छातीच्या कातड्याला चिकटलेली. फुटू न देता सोडवावी लागते. बदकाला अशी वेगळी पिशवी नसते, अन्ननळीच जरा फुगीर असते, त्यामुळे तिथलं काम सोपं. मग मागच्या द्वाराभोवती गोल चीर, अगदी उथळ, सुरीचं टोक वर ठेवून. चुकून आतडं टोचलं तर पुढचं सगळं धुण्यातच जातं. हात आत घालायचा, बोटं छातीच्या हाडाला चिकटवून हृदयापर्यंत न्यायची, आणि मूठ वळवून सगळं एकदम बाहेर ओढायचं. तुकड्यातुकड्याने काढायला गेलात तर काहीतरी फुटतंच.

बाहेर आलेल्या गोळ्यात कलेजीला लागून हिरवी पित्ताची पिशवी असते. ती कलेजीच्या थोड्या मांसासकट कापून टाकायची. फुटली तर जिथे हिरवं लागलं तो भाग काढून टाकावा, धुऊन कडूपणा जात नाही. पेटा आडवा चिरून आतले खडे झटकायचे आणि आतली पिवळी साल नखाने सोलायची. पेटा ओला करण्याआधी ती अख्खी निघते, नंतर चिवटपणा करते. फुप्फुसं फासळ्यांत रुतून बसलेली असतात, ती बोटाने खरवडावी लागतात आणि नेमकी तीच विसरतात. शेपटीवरची तेलाची गाठ बदकाला मोठी असते. तिच्यामुळेच 'बदकाला वास येतो' अशी त्याची बदनामी झाली आहे. वरून इंग्रजी व्ही आकाराचा काप घेऊन ती पूर्ण काढली की तक्रारीला जागा राहत नाही.

पाखराच्या पोटात काय सापडतं, याचंही एक शास्त्र झालं. 1912 मध्ये बिहारमधल्या पुसाच्या शेती संशोधन संस्थेतून मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी हिंदुस्थानी पक्ष्यांच्या आहारावर ग्रंथ काढला. कोणता पक्षी शेतकऱ्याचं धान्य खातो आणि कोणता किडे, हे त्यांनी पोटं उघडून मोजलं होतं. नागपूरच्या अजब बंगल्यात, 1863 च्या त्या संग्रहालयात, काचेमागे बसलेले पक्षी बघताना लक्षात येतं की पक्ष्यांत पेंढा भरणारा तिथला कारागीर स्वयंपाक्याच्या अगदी उलट काम करतो. तो कातडं जिवापाड जपतो आणि मांस फेकतो. चिरेची जागा, धारेची गरज आणि घाई मात्र दोघांची सारखीच.

आता आजाराविषयी थोडं, पण ठामपणे. महाराष्ट्रात बर्ड फ्लू पहिल्यांदा 2006 मध्ये नवापूरला सापडला, आणि तेव्हापासून हा विषय 'तिकडचा' राहिलेला नाही. 2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले; तपासणीत एच5एन1 निघाला आणि त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर संशय गेला. तेव्हा नियम साधा: आजारी दिसणारं किंवा आपोआप मेलेलं पाखरू कुणी फुकट दिलं तरी कापायचं नाही. 'आत्ताच मेलं, अजून गरम आहे' हे वाक्य ऐकलं की हात जोडून निघावं. एकाएकी बरीच पाखरं मेली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. साफ करताना जखमेवर पट्टी आणि हातमोजे, जवळपास लहान मूल नको, कच्च्याची पाटी आणि शिजलेल्याची पाटी वेगळी. लगेच शिजवायचं नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवून चार तासांच्या आत मांस चार अंशांपर्यंत उतरवा. आखाडीला, पावसाळी दमट हवेत, माश्या घोंघावत असताना हे सगळं दुप्पट लागू.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी तिथल्या रानबदकांबद्दल हमखास विचारलं आहे, त्यांच्यासाठी हा परिच्छेद. तिथे हंगामात परवाना घेऊन बदकं मारता येतात. 1934 पासून त्यासाठी खास तिकीटही काढावं लागतं. पण तिथला कायदा साफ करण्याच्या रीतीतही हात घालतो: घरी पोचेपर्यंत बदकाचं डोकं किंवा पिसांसकट एक पंख अंगाला राहिलाच पाहिजे, म्हणजे रस्त्यात अडवणाऱ्या अधिकाऱ्याला जात ओळखता यावी. शिवाय पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे तिथे 1991 पासून देशभर बंद आहेत. जुन्या आठवणींतला 'दाताखाली छर्रा आला' हा विनोद म्हणजे शिसं खाण्याचा प्रकार होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पिसं, आतडी, डोकी यांचं काय करायचं, हे लोक शेवटी विचारतात. खरं तर आधी ठरवायचं असतं. नदीत काही टाकू नये. कन्हानचं पाणी खाली कुणीतरी पितंच. हात-दीड हात खोल खड्डा, वर चुना आणि माती, इतपत पुरतं. पिसं शेणखताच्या ढिगात घातली तर सावकाश कुजतात आणि खताला नत्र देतात.

पहिल्यांदाच हात लावणाऱ्याने बदकापासून सुरुवात करू नये. फार्मवरचे चार बटेर आणावेत. हे पाखरू पाच-सहा आठवड्यांत तयार होतं, वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. गरम पाणी लागत नाही. छातीवर कातड्याला चिमटा घेऊन फाडलं की पिसांसकट ते सदऱ्यासारखं उतरतं. कात्रीने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू कापून कणा उचलला की आतलं सगळं त्याच्याबरोबर निघून येतं, आणि कलेजी, पित्त, पेटा, फुप्फुसं कुठे कशी बसलेली असतात ते तळहाताएवढ्या जागेत दिसतं. चौथ्या पाखराला हात आपोआप चालतो. मग कोंबडी, आणि हिवाळा पडला की बदक.